रुग्ण बरा होतो तो कशाने? नांदेड-लातूरच्या संदर्भात काही विचार

ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नांदेडचे नाव देशभरातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले, ते अत्यंत दुःखद कारणाने. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात बालके होती. दुसऱ्या दिवसाची भर पडून अठ्ठेचाळीस तासांतील मृतांची संख्या ३१ वर गेली. औषधांचा तुटवडा होता, असे कोणी म्हणाले. मनुष्यबळ अपुरे होते, असे कोणी म्हणाले. बहुतेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत बाहेरून आणले गेले होते, असे शासनाचे म्हणणे होते. एका लोकप्रतिनिधीने तर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय स्वच्छ करावयास लावले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि रुग्णांचा भार अधिक होता एवढे सांगून शासनाची जबाबदारी संपत नाही, असे स्पष्ट शब्दांत बजावले.

त्या दिवसांत गावोगावी, घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता : चूक कोणाची? हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न दडलेला आहे व त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिल्याचे उत्तर नीट देता येत नाही. रुग्ण बरा होतो किंवा दगावतो, ते नेमके कशावर अवलंबून असते? औषधावर, डॉक्टरांच्या हातगुणावर, पैशावर, वेळेवर, की नशिबावर? या विषयावर जगभरात आणि आपल्या महाराष्ट्रातही पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातील निवडक निष्कर्ष आम्ही येथे सोप्या रीतीने मांडू इच्छितो.

फलनिष्पत्ती मोजायची कशी?

उपचाराच्या अंती रुग्णाचे जे होते, त्याला अभ्यासक उपचाराची फलनिष्पत्ती म्हणतात. रुग्ण वाचला का, पूर्ण बरा झाला का, पुन्हा कामाला लागला का, तोच आजार उलटला का, या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. ही गोष्ट आकड्यांत मोजण्याचा आग्रह धरणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव अग्रभागी आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मरतात, हे त्यांनी तक्ते व आकृत्या काढून राज्यकर्त्यांच्या गळी उतरविले. पुढे १९६६ साली अवेदिस दोनाबेदियन या अभ्यासकाने आरोग्यसेवेचे मूल्यमापन तीन पायऱ्यांनी करावे, असे सुचविले. पहिली पायरी रचनेची : इमारत, खाटा, यंत्रे, माणसे, औषधे. दुसरी प्रक्रियेची : प्रत्यक्षात काय केले गेले, वेळेवर व योग्य रीतीने केले गेले का. तिसरी फलनिष्पत्तीची. ही विभागणी आजही प्रमाण मानली जाते.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. केवळ मृत्यूंची संख्या पाहून रुग्णालय चांगले की वाईट, हे ठरविता येत नाही. मोठ्या शासकीय रुग्णालयात इतरांनी हात टेकलेले रुग्ण येतात. नांदेडच्या या रुग्णालयात केवळ जिल्ह्यातील नव्हे, तर हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि शेजारच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. ज्याच्या दारी सर्वाधिक गंभीर रुग्ण, त्याच्या खात्यावर अधिक मृत्यू, हे उघड आहे. म्हणूनच जाणते संशोधक रुग्णाचे वय, आजाराची तीव्रता व येतेवेळची स्थिती लक्षात घेऊन मगच तुलना करतात. मात्र हीच गोष्ट ढाल म्हणून पुढे करता येत नाही. रुग्ण इतक्या उशिरा का आला आणि आल्यावर त्याला जे मिळावयास हवे होते ते मिळाले का, हे दोन प्रश्न उरतातच.

तीन विलंब

१९९४ साली सरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन संशोधिकांनी मातामृत्यूंचा अभ्यास करून 'तीन विलंबां'ची कल्पना मांडली. पहिला विलंब घरातील : दवाखान्यात न्यावे की नाही, हे ठरविण्यातच वेळ जातो. दुसरा वाटेवरील : वाहन मिळत नाही, रस्ता खराब, अंतर लांब. तिसरा रुग्णालयातील : पोहोचल्यावरही रक्त नाही, तज्ज्ञ नाही, खाट नाही.

आपल्या भागाला ही कल्पना किती लागू पडते, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. किनवट किंवा माहूरच्या डोंगराळ भागातील एखाद्या पाड्यावरून नांदेड गाठावयाचे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. लातूर जिल्ह्यातही जळकोट वा देवणीकडील एखाद्या वस्तीवरून रात्री-अपरात्री शहर गाठणे सोपे नाही. त्यातच पहिला विलंब बहुधा पैशाच्या व मानपानाच्या विचाराने होतो. घरधनी कामावरून येईतो थांबावे, सासूबाईंना विचारावे, आधी गावातल्याच माणसाकडून सुई घ्यावी, असे करता करता मोलाचे तास निघून जातात. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तिने दुसरा विलंब काहीसा कमी केला. परंतु पहिला विलंब कोणतीही रुग्णवाहिका दूर करू शकत नाही. तो आपल्या घरातच दूर व्हावयास हवा.

शेजारच्या जिल्ह्यातील एक मोठा पुरावा

लवकर निदानाचे मोल किती असते, याचा जगभर गाजलेला पुरावा आपल्या उंबरठ्यावरच मिळालेला आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती हाती घेतली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रिया तिच्यात समाविष्ट होत्या. गावांचे चार गट पाडण्यात आले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी एकेकदा तपासणी झाली. चौथ्या गटातील स्त्रियांना आरोग्यविषयक माहिती व नेहमीची सेवा मिळाली.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी केवळ एकदाच झाली होती, त्यात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या, किंचित लहान गटात ६४ दगावल्या. म्हणजे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन पद्धतींच्या एकवेळच्या तपासणीने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. पुढे मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात, आम्लद्राव लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी तपासणी दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोहोंतून एक गोष्ट ध्यानी येते. कोणती तपासणी केली, किती वेळा केली, आणि दोष आढळल्यावर उपचार पूर्ण झाला का, या तिन्हींवर फळ अवलंबून असते.

या चाचण्यांवर पुढे टीकाही झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणीविना राहू देणे योग्य होते का, असा तो आक्षेप होता. तो गंभीर आहे. या भागातील स्त्रियांच्या सहभागातून जे ज्ञान जगाला मिळाले, त्याचा लाभ सर्वप्रथम याच भागातील स्त्रियांना मिळावयास हवा, असे आम्हांस वाटते.

पुरेशी माणसे आणि साधे नियम

रुग्णालयात पोहोचल्यावर काय घडते? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की, तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. कारण समजण्यास कठीण नाही. रुग्णाचा श्वास मंदावला, ताप चढला, रक्तस्राव सुरू झाला, हे प्रथम परिचारिकेच्या ध्यानात येते. तिच्याकडे चार रुग्ण असतील तर ते वेळीच ध्यानात येईल. वीस असतील तर तिने कोणाकोणाकडे पाहावे? नांदेडच्या नवजात अतिदक्षता विभागात त्या दिवसांत क्षमतेहून कितीतरी अधिक बालके होती, हे आठवले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. रिक्त पदे हा केवळ कचेरीतील कागदाचा विषय नसून तो जीवन-मरणाचा विषय आहे.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. १८४७ साली व्हिएन्नातील डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूती करण्यापूर्वी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पावणेदोन शतके उलटली तरी हात धुणे हा संसर्ग रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. परंतु त्यालाही पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या शहरात नळाला दिवस-दिवस पाणी येत नाही, तेथे पाण्याची टाकी हेही उपचाराचेच साधन होय.

तिसरी गोष्ट मायेची, पण शास्त्राने सिद्ध केलेली. अपुऱ्या वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या पद्धतीस 'कांगारू मातृसेवा' म्हणतात. भारतासह पाच देशांतील ३,२११ बालकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेचच ही सेवा सुरू केलेल्या गटात २८ दिवसांच्या आत १२ टक्के बालके दगावली. नेहमीच्या रीतीने सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण १५.७ टक्के होते. बाळाला काचेच्या पेटीत व आईला दुसऱ्या कक्षात ठेवण्याची जुनी पद्धत बदलण्यास हे कारण पुरेसे ठरावे.

नियमांची यादी भिंतीवर लावली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. २००९ साली नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांत शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तपासावयाच्या मुद्द्यांची छोटी यादी वापरून पाहिली गेली. तेथे मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. परंतु तशीच प्रसूतीची यादी उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत वापरली गेली, तेव्हा दीड लाखांहून अधिक प्रसूतींच्या या अभ्यासात कर्मचाऱ्यांचे काम सुधारले, तरी माता-बालकांचे मृत्यू घटले नाहीत. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. यादी उपयोगी आहे, परंतु तिच्या पाठीशी कुशल हात, औषधे, आणि गंभीर रुग्णास पुढे पाठविण्याची सोय नसेल, तर ती एकटी जीव वाचवू शकत नाही.

घर हेच पहिले रुग्णालय

आता रुग्णालयाच्या बाहेर पाहू. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांत गावातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. मोठे यंत्र नाही, मोठी इमारत नाही. वेळेवर पोहोचलेली, शिकलेली एक शेजारीण होती. पुढे २०११ पासून हाच विचार आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्यात आला. रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत आशाताईंनी सहा वेळा भेट द्यावयाची असते.

क्षयरोगाविषयीचा एक अभ्यास असाच बोलका आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा देण्यात आला. निम्म्या घरांतील अन्य सदस्यांनाही तो दिला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शिधा मिळालेल्या घरांत क्षयाची नवी लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. या दुसऱ्या आकड्याचा अर्थ जपून लावावा लागतो. वजन वाढले म्हणून रुग्ण वाचले, की औषध लागू पडले म्हणून वजन वाढले, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. दोन गोष्टी जोडीने आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. पहिला आकडा मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने पाडलेल्या गटांच्या तुलनेतून आलेला असल्याने अधिक भरवशाचा आहे.

मराठवाड्यात या प्रश्नाला स्थलांतराचा पदर आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्या कुटुंबात एखादा क्षयरुग्ण असेल, तर सहा महिन्यांची औषधे त्याला कोण देणार? गोळ्या मध्येच सुटल्या की, आजार उलटतो व साध्या औषधांना दाद देईनासा होतो. निघण्यापूर्वी आपल्या आरोग्य केंद्रात सांगून पुढच्या गावी उपचार जोडून घेणे, हे त्या कुटुंबासाठी उचल घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पैशाचा परिणामही मोजला गेला आहे. उत्तर कर्नाटकात गरीब कुटुंबांसाठी मोठ्या आजारांच्या मोफत उपचारांची योजना २०१० मध्ये सुरू झाली. योजना असलेल्या व नसलेल्या लगतच्या गावांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा योजनेतील आजारांमुळे होणारे मृत्यू लाभार्थी कुटुंबांत ६४ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राज्यभर चालते. तरीही तिची माहिती नसल्याने शेत गहाण टाकणारी कुटुंबे आहेतच.

एकटेपणा आणि सोबत

वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण माणसांची सोबत हादेखील संशोधनाचा विषय झालेला आहे. १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे नातेसंबंध दृढ आहेत, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली ११ फेब्रुवारी हा जागतिक आजारी दिन म्हणून घोषित केला. आजाऱ्यांना भेटणे हे ख्रिस्तसभेत पूर्वापार दयेचे कार्य मानले गेले आहे. ती भेट औषधाची जागा घेऊ शकत नाही व घेऊ नये. परंतु भेटीस गेलेला माणूस गोळ्या संपल्या का हे विचारू शकतो, रुग्णवाहिका बोलावू शकतो, योजनेचा अर्ज भरून देऊ शकतो, रात्री उशाशी बसू शकतो.

मग करावे काय?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाच्या अंदाजानुसार, उपचारांनी टळू शकले असते अशा मृत्यूंपैकी सुमारे १६ लाख मृत्यू २०१६ या एका वर्षात भारतात निकृष्ट सेवेमुळे झाले, तर सुमारे ८ लाख ३८ हजार मृत्यू सेवेपर्यंत न पोहोचल्यामुळे. याचा अर्थ असा की, रुग्णाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. दाराच्या आत काय मिळते, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

तेव्हा घरात गरोदर स्त्री असेल तर कोणत्या रुग्णालयात जावयाचे, वाहन कोणाचे, रक्त कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावे. बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला थंड लागू लागले किंवा श्वास भराभर घेऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. जुने कागद, चिठ्ठ्या व औषधांची नावे एका पिशवीत जपून ठेवावीत, म्हणजे पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो. धर्मग्रामातील तरुणांनी आपल्या भागातील शासकीय रुग्णालयात डॉक्टर व परिचारिकांची किती पदे मंजूर आहेत व किती भरलेली आहेत, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

नांदेडच्या त्या दिवसांत चूक कोणाची, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना संशोधनाने दिलेले उत्तर एका नावाचे नाही. उशीर, अंतर, रिकामी पदे, अपुरी औषधे, कुपोषण आणि गरिबी यांची ती साखळी आहे. तिच्या काही कड्या शासनाच्या हाती आहेत व त्यांचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. काही कड्या आपल्या घरात आहेत. त्या सोडविण्यासाठी कोणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.